शेंड्याचा मणी

द्राक्ष गोड आहे की नाही एवढं सांगण्यासाठी कंपनी माणसाला पगार देते, असं मी म्हटलं की आमच्या पंचवटीतल्या शेजारणींना हसू आवरत नाही. "मंगलताई, आम्हालाही चिकटवा की अशा नोकरीला," म्हणतात. मी म्हणते, या. जानेवारीत लागा कामाला आणि एप्रिलमध्ये मला भेटा. अजून एकही आलेली नाही.

मी एका द्राक्ष निर्यात कंपनीच्या पॅकहाऊसची मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. पॅकहाऊस ओझरच्या पुढे, हायवेपासून जरा आत. बागेतून निघालेली द्राक्षं बोटीत चढेपर्यंत त्यांचं जे काही व्हायचं ते सगळं तिथे होतं. सकाळी दव उडालं की काढणी सुरू करायची आणि ऊन तापायच्या आत थांबवायची. क्रेटमधून माल आमच्याकडे येतो. टेबलाशी उभ्या बायका बारीक कात्रीने खराब मणी काढतात आणि घड वजनाप्रमाणे डब्यांत बसवतात. मग माल प्रीकूलिंगला जातो.

हा प्रीकूलिंग शब्द तेवढा लक्षात ठेवा. वेलीवरून आलेल्या द्राक्षाच्या पोटात उन्हाची ऊब असते. ती न काढता माल कंटेनरमध्ये भरला तर हाताला वरून थंड लागतो, पण आत गरम राहतो. मग समुद्रावर डब्याला पाणी सुटतं आणि युरोपात पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून आधी थंड खोलीत जोराची हवा सोडून ही ऊब काढून घ्यायची. ते चालू असताना खोलीचं दार कोणी म्हणजे कोणीही उघडायचं नाही, मालकानेसुद्धा नाही. बाकी कितीही नियम भिंतीवर लावले तरी सगळे पाळायचे तो हा एकच.

या सगळ्याच्या आधी येते ती चव. बाग काढायला आली की नाही हे ठरवायला आमचा क्वालिटीचा माणूस आधी बागेत जातो. साखर मोजायचं यंत्र हातात असतं, रसाचा थेंब टाकला की आकडा दिसतो. पण यंत्राला आंबटपणा कळत नाही, तो जिभेलाच कळतो. आणि खायचा तो घडाच्या शेंड्याचा, म्हणजे खालच्या टोकाचा, मणी, कारण तो सगळ्यात उशिरा गोड होतो. वरचे मणी काय, कोणालाही फसवतात.

आमच्याकडे ही जीभ होती वैशालीची. कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेली, नाशिकरोडला राहणारी, तिशीच्या आतबाहेरची मुलगी. आली तेव्हा भांडकुदळ होती. माझ्याशी तर रोज भांडायची. तिच्याशी भांडण झालं नाही तर मला दुपारचा डबा गोड लागायचा नाही.

आणि मालक होता प्रणव. त्याच्या वडिलांच्या काळापासून मी तिथे, तेव्हा दुसऱ्या जागी पत्र्याची एक शेड आणि दोन टेबलं एवढाच पसारा होता. प्रणव इंजिनियर होऊन पुण्याहून आला आणि त्याने धंदा असा पळवला की आम्हाला धाप लागली. चार माणसांत मी त्याला "साहेब, तुम्ही" म्हणायचे आणि एकटे असलो की "प्रणव, तू". कधी एकट्यात मी "साहेब" म्हटलं तर तो खुर्चीत सरळ होऊन बसायचा. आता आपली खैर नाही, हे त्याला कळायचं.

दर हंगामाला गावं वाढली, कंटेनर वाढले, देश वाढले. माणसं मात्र तीच, थोडीफार. कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "हंगाम आहे." जेवायला वेळ नाही? हंगाम आहे. भाचीच्या लग्नाला जायचंय? हंगाम आहे. पाठीत उसण भरली? हंगाम आहे, मलम लावा. द्राक्षाच्या डब्यात तळाशी सुटे मणी सापडतात, त्याला आम्ही मणीगळ म्हणतो. तशी आमची माणसं गळत होती. कोल्ड स्टोरेजचा एक फार गुणी ऑपरेटर एका हंगामानंतर आलाच नाही, आणि का आला नाही हे त्याला फोन करून कोणी विचारलं नाही. त्याची चुटपुट मला आजही आहे.

एकदा युरोपातल्या गिऱ्हाइकाचा एक तपासनीस आला होता. गोरा, उंच, प्रत्येक दारातून वाकून जाणारा. त्याने सगळं पाहिलं आणि विचारलं, "तुमचे लोक विश्रांती कुठे घेतात?" तशी जागाच नव्हती. पुढच्या खेपेच्या आत प्रणवने एक खोली रंगवून घेतली, त्यात झकास सोफा आणून टाकला आणि दारावर 'विश्रांती कक्ष' अशी पाटी लावली. सोफ्याचं प्लास्टिक तसंच. खराब व्हायला नको म्हणून खोलीला कुलूप, आणि किल्ली वॉचमनकडे. तपासनीस येऊन खूश होऊन गेला. सोफ्याइतकी विश्रांती आमच्याकडे दुसऱ्या कोणालाच नव्हती.

तर तो हंगाम. एका मोठ्या सुपरमार्केटची ऑर्डर प्रणवने नव्याने मिळवली होती. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी पाहिली नव्हती. पेढे वाटले, फोटो काढले आणि कामाला जुंपलो. वैशालीची गावं दुप्पट झाली. ती बागांत फिरायची, तिथून येऊन पॅकिंग तपासायची आणि मधल्या वेळात कानाला फोन. हळूहळू ती माझ्याशी भांडेनाशी झाली. मी मुद्दाम खोडी काढली तरी "बरं ताई" म्हणायची. मला ते आवडलं नाही. पण हंगाम होता.

मग एका दुपारी सायखेड्याचे बबनराव आले. हे आमचे जुने बागायतदार. मोटारसायकलवर मागे क्रेट बांधलेला, चेहरा लाल. क्रेट माझ्या टेबलावर आदळून म्हणाले, "ताई, खा."

"अहो, बसा तरी."

"बसायला नाय आलो. आधी खा. शेंड्याचा खा."

मी खाल्ला. साखर नुसती. मी दुसरा घड उचलला, तोही तसाच.

"गोड हाय का नाय?"

"गोड आहे."

"मंग तुमची मॅडम माझा पलाट नापास करून का गेली? यंत्रानं हो म्हनलं, आन् ही नाय म्हनती. गावात लोक इचारत्यात, बबनराव, औषध जास्त मारलं का? इतक्या वर्सांत माझा माल कोनी मागं धाडला नाय."

मी वैशालीला बोलावून घेतलं. ती आली, बबनरावांना नमस्कार केला. मी घड तिच्यापुढे केला. तिने शेंड्याचा मणी तोडला, तोंडात टाकला, चावला. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. तिने दुसरा मणी घेतला. मग तिसरा.

"आंबट आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग गोड?"

"गोडही नाही." तिचे डोळे भरून आले. "ताई, कशाचीच चव लागत नाहीये. आठवडा झाला असेल. चहात साखर आहे की नाही तेही कळत नाही. यंत्र हो म्हणतं, पण मला भरवसा वाटत नाही. मग मी नाहीच म्हणते. चुकीचा माल गेला तर काय करायचं?"

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "हंगाम आहे ना."

बबनरावांचा सगळा राग उतरला. क्रेट उचलायचंही त्यांना सुचेना. "पोरी, काही खाल्लं का सकाळपासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी तिला सरळ डॉक्टरांकडे नेलं. करोनाची आठवण सगळ्यांनाच होती, त्यामुळे तीही तपासणी झाली. काही निघालं नाही. बाकीच्या तपासण्याही ठीक. डॉक्टरीणबाईंनी तिला झोपेबद्दल, जेवणाबद्दल, कामाबद्दल विचारलं आणि तिची उत्तरं ऐकून पेन खाली ठेवलं. "शरीर थकतं तेव्हा ते अशा काही युक्त्या करतं," त्या म्हणाल्या. "हिला काम थांबवायला सांगा. थोडं कमी नाही, पूर्ण थांबवायचं. फोनसकट."

परत आल्यावर मी प्रणवच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"साहेब," मी म्हणाले.

तो सरळ होऊन बसला. मी सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच म्हणाला, "ताई, पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस तिला कसंतरी सांभाळून घ्या. ही ऑर्डर गेली की महिनाभर सुट्टी देतो, भरपगारी."

"प्रीकूलिंगचं दार उघडा, असं मी तुम्हाला मधेच सांगितलं तर उघडाल?"

"तो मुद्दा नाहीये."

"गरम माल कंटेनरमध्ये भराल? वरून थंड लागतोय ना, चला, जाऊ द्या, असं म्हणाल?"

"ताई, माणूस म्हणजे द्राक्ष नाही!"

"नाही ना. द्राक्षाची तुम्ही काळजी घेता."

मी हट्टाला पेटले होते. "उद्यापासून वैशाली येणार नाही. ती आली तर मी येणार नाही. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून आहे मी इथे. एक दिवस धमकी दिली नाही. ही पहिली समजा."

मी उठून निघणार, तेवढ्यात तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ताई, एक सांगू? हसू नका. आज सकाळी मी आपल्या जुन्या पत्र्याच्या शेडवर गेलो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे, कामावर यायला. गाडी तिकडे वळवली, गेटपाशी हॉर्न वाजवत बसलो. वॉचमन दार का उघडत नाही म्हणून चिडलो. तिथे आता टायरचं दुकान आहे. त्याचा मालक बाहेर आला आणि म्हणाला, साहेब, पंक्चर आहे का?"

मी हसले नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. तोही हसला. हसता हसता त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याचा लहानपणचा चेहरा आठवला. या पोरालाही कोणी थांब म्हटलेलं नव्हतं. तसं म्हणायला त्याच्यावर कोणी मालकच नव्हता ना.

"तूही थकलायस रे," मी म्हणाले. तू म्हटल्यावर त्याने हात खाली घेतले.

"टेस्टिंग कोण करणार मग?"

"वैशालीच्या हाताखालची दोघं आहेत, एकेकाला मी जोडीला घेते. पण एवढ्या गावांना आम्ही पुरणार नाही. जेवढं नीट तपासता येईल तेवढंच काढू."

"म्हणजे कंटेनर कमी."

"कमी."

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"खरं ते सांग."

प्रणवने त्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. आमची चव तपासणारी व्यक्ती आजारी आहे, तपासल्याशिवाय आम्ही माल भरत नाही, म्हणून दर आठवड्याला कमी माल देऊ आणि जास्त आठवडे देऊ, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. पलीकडून बरीच कुरकुर झाली. ऑर्डरचा एक वाटा दुसऱ्या निर्यातदाराकडे गेला. तो गेला तो गेलाच, त्याचं नुकसान आम्ही सोसलं. पण उरलेली ऑर्डर राहिली.

वैशालीला घरी पाठवणं त्याहून अवघड. "मी घरी बसून करू काय?" ती मलाच विचारत होती. शेवटी मी तिचा कामाचा फोन काढून घेतला आणि तिच्या आईला बोलावून तिला गाडीत बसवलं. तो फोन मग माझ्याकडे. देवा! त्या फोनवर बागायतदार बागेचं तर विचारायचेच. शिवाय ढग आलेत, काय करू? मुलीला कुठल्या कॉलेजात घालू? सोयरीक आली आहे, मुलगा बरा आहे का? हे सगळं ती एकटी झेलत होती आणि आम्ही तिला हुशार म्हणून मोकळे होत होतो.

आमचा फोर्कलिफ्टवाला सलीम मालेगावचा, जिभेचा तिखट. मॅडम कुठे आहेत असं कोणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "प्रीकूलिंगला." एक शेतकरी घाबरून माझ्याकडे आला. "ताई, सकाळधरनं आत हाय म्हनं मॅडम. थंडी वाजंल की!"

शब्द चिकटला तो चिकटलाच. पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या वर्षापासून प्रणवने नियम केला. भर हंगामात प्रत्येकाने ठरलेल्या पाळीने प्रीकूलिंगला जायचं, म्हणजे घरी. फोन कामातल्या जोडीदाराकडे द्यायचा, आणि एकट्यालाच येतं असं एकही काम कंपनीत ठेवायचं नाही. आत गेलेल्या माणसाचं दार कोणी उघडायचं नाही, मालकानेसुद्धा नाही. पहिल्याच आठवड्यात प्रणवने सवयीने सुट्टीवरच्या माणसाला फोन केला, तेव्हा सलीमने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, "साहेब, दार लावा!" आणि साहेबांनी मुकाट्याने फोन खिशात टाकला. सोफ्याचं प्लास्टिक टेबलाशी काम करणाऱ्या बायकांनी कात्रीने फाडलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

कंपनी त्यानंतरही वाढली, जोमाने वाढली. ज्या गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणालो होतो, ते पुढच्या हंगामात आपण होऊन परत आलं. आमच्याकडून गेलेल्या मालाबद्दल त्यांची एकही तक्रार नव्हती. पण मला खरा अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. जानेवारीत टेबलाशी जे चेहरे दिसायचे, ते पुढच्या जानेवारीतही दिसू लागले. मणीगळ थांबली. ऑर्डर आणणारे मालक नाशिकमध्ये ढीगभर आहेत. आलेली ऑर्डर आणि आपली माणसं यांच्या मधे जो उभा राहतो, त्याला मी मालक म्हणते. प्रणव तसा झाला, आणि त्यात माझाही थोडा हात आहे. म्हातारपणी एवढी फुशारकी चालायला हरकत नाही.

आता बबनरावांकडे येते, कारण त्यांचा माल अजून वेलीवरच आहे.

वैशाली घरी गेली त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, माल पास, उद्या काढणी करू. तर हे गृहस्थ अडून बसले. "नाय. मॅडमनं नापास केलाय, आता मॅडमच पास करंल. तवर एक घड तोडनार नाय."

"अहो, पाऊस आला तर?"

"येऊ द्या. माझ्या मालाचं नाव गेलंय, ते जिनं घेतलं तिनंच परत द्यायचं."

मी डोकं धरून बसले. रोज आभाळाकडे बघायचे आणि सायखेड्याला फोन करायचे. ते म्हणायचे, "पोरगी जेवती का?" बागेचं कोणी बोलायचंच नाही.

एका सकाळी मी फाटकाशी गाडीतून उतरते तोच वैशाली उभी. चेहऱ्यावर रंग आलेला, केस नीट बांधलेले. "कामावर आलेली नाही," ती आधीच म्हणाली. "आईने काल शिरा केला होता. मी तिला म्हटलं, साखर जास्त झालीये. ती रडायलाच लागली. मला बबनरावांच्या बागेत घेऊन चला."

प्रणवने ऐकलं आणि गाडीची किल्ली घेऊन तोच पुढे निघाला. आम्ही तिघं सायखेड्याला पोचलो तेव्हा दव नुकतं उडालं होतं. बबनराव बांधावर उभे होते, धुतलेला सदरा घालून. मांडवाखाली घड लोंबत होते, आणि एवढे दिवस थांबल्यामुळे रंगाला पिवळसर झाक आली होती. यंत्र गाडीतच राहिलं होतं, आणि कोणी ते आणायलाही गेलं नाही.

वैशालीने पहिल्या ओळीतला घड हातात धरला, शेंड्याचा मणी तोडला आणि तोंडात टाकला. ती चावत होती. मग पुढच्या ओळीत गेली, तिथला खाल्ला. आणखी पुढे गेली. अशी ती विहिरीपर्यंत चालत गेली आणि आम्ही वऱ्हाडासारखे तिच्या मागे. विहिरीजवळ ती थांबली. तिथला मणी खाल्ला, आणि तिचं तोंड वाकडं झालं. डोळे मिटले, खांदे वर गेले. पोरं चिंच खातात तेव्हा करतात तसं.

"बाबा," ती बबनरावांना म्हणाली, "विहिरीकडच्या या ओळी आंबट आहेत. सावली पडते ना इथे. यांना हात लावू नका, थांबा अजून. बाकी सगळी बाग काढा. साखरेसारखी गोड आहे."

बबनरावांनी प्रणवच्या पाठीत असा धपाटा घातला की तो मालक आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

"बघा साहेब! आंबट म्हनली! मलाबी माहीत व्हतं त्या वळी आंबट हायेत. मुद्दाम बोललो नाय. आता माझा माल पास!"

मी तिथेच बांधावर बसले आणि पदराने डोळे पुसले. वैशाली माझ्याजवळ आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, माझ्या मागे तुम्ही पिंपळगावची ती बाग पास केलीत म्हणे? चव नीट बघितली होती का? मला तर ती बाग रंगावरूनच कच्ची वाटली होती."

आणि मग आम्ही दोघी भर बागेत, बबनरावांच्या आणि मालकाच्या देखत, मनसोक्त भांडलो.